सरासरी? पण कशाची?

शाळेतले विद्यार्थी भांडार तुम्ही पाहिले असेल. मधल्या सुट्टीत एका लहानशा खोलीची खिडकी उघडते. वह्या, पेन, खोडरबर यांची विक्री होते. आणि घंटा झाली की खिडकी मिटते. समजा, अशा एका भांडाराचा चिटणीस म्हणून तुमच्या वर्गातला एक मुलगा निवडून आला आहे. पहिल्याच दिवशी त्याने दहा पावत्या फाडल्या. त्यांवरील रकमा रुपयांत अशा होत्या:

१०, १५, २०, २०, २०, २५, ३०, ४०, ६०, ७६०.

चिटणीसाने बेरीज केली. ती आली १,००० रुपये. दहाने भागले. सरासरी आली १०० रुपये. त्याला मोठा आनंद झाला. "आपले गिऱ्हाईक सरासरी शंभर रुपयांची खरेदी करते," तो म्हणाला, "मग दहा-वीस रुपयांच्या वस्तू कशाला भरायच्या? शंभर रुपयांची कंपासपेटी ठेवू." आणि भांडाराच्या शिलकेतून पन्नास कंपासपेट्या मागवण्याची यादीही त्याने लिहून काढली.

भांडाराची देखरेख करणाऱ्या बाईंनी यादी वाचली. मग पावत्यांची चळत त्याच्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, "अरे, यातली शंभर रुपयांची पावती कोणती, तेवढी मला दाखव."

चिटणीस शोधू लागला. शंभराची पावती एकही नव्हती. शंभराच्या जवळपासचीही नव्हती. नऊ पावत्या साठ रुपयांच्या किंवा त्याहून कमी रकमेच्या होत्या, आणि दहावी एकदम ७६० रुपयांची होती. ती एका वर्गशिक्षकांनी साऱ्या वर्गासाठी नेलेल्या चित्रकलेच्या वह्यांची होती. म्हणजे ज्या 'सरासरी गिऱ्हाइका'साठी पन्नास पेट्या येणार होत्या, ते गिऱ्हाईक त्या दिवशी खिडकीपाशी फिरकलेच नव्हते! भांडाराचे पैसे मात्र पेट्यांत अडकून पडले असते आणि दुसऱ्या दिवशी वह्या आणायला शिल्लक उरली नसती.

चिटणीसाचा भागाकार चुकला होता का? मुळीच नाही. हजाराला दहाने भागले की शंभरच येतात. संगणकाला विचारले असते तरी त्याने हेच उत्तर दिले असते, आणि तेही क्षणार्धात. चूक भागाकारात नव्हती. ती त्या एका आकड्यावर टाकलेल्या विश्वासात होती. आज लहान दुकानांपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत विक्रीचे आकडे संगणकात भरले जातात, आणि त्यांची चित्रे व सारांश काढून देणाऱ्या आज्ञावल्या, म्हणजे सॉफ्टवेअर, सहज मिळतात. हे सारांश कसे निघतात आणि ते वाचताना काय विचारायचे, हे आपण या लेखात पाहू.

तीन प्रकारचे 'मधले'

आकड्यांच्या मोठ्या ढिगाऐवजी त्याचा स्वभाव सांगणारे मोजके आकडे घ्यायचे, याला सारांश-संख्या काढणे म्हणतात. त्यांतल्या तीन तुम्हाला पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहेत: मध्य, मध्यक आणि बहुलक.

मध्य म्हणजे आपली नेहमीची सरासरी. सर्व रकमांची बेरीज करून तिला रकमांच्या संख्येने भागायचे. दुसऱ्या शब्दांत, सर्व गिऱ्हाइकांनी सारखीच खरेदी करून तेवढाच गल्ला जमवला असता, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती आले असते, ते मध्य सांगतो. आपल्या उदाहरणात तो १०० आहे.

मध्यक काढायला बेरीज लागत नाही. रकमा चढत्या क्रमाने एका रांगेत उभ्या करायच्या आणि बरोबर मधोमध कोण उभे आहे ते पाहायचे. आपल्याकडे दहा रकमा आहेत, तेव्हा मधोमध दोघे येतात: पाचवा २० आणि सहावा २५. त्या दोघांची सरासरी घेतली की मध्यक येतो २२.५० रुपये. निम्मी गिऱ्हाइके याच्या अलीकडे, निम्मी पलीकडे.

बहुलक म्हणजे सर्वांत अधिक वेळा आलेली रक्कम. वीस रुपयांच्या पावत्या तीन आहेत. इतर कोणतीच रक्कम दोनदाही आलेली नाही. म्हणून बहुलक २०.

आता एक गंमत करून पाहा. ती ७६० रुपयांची पावती बाजूला ठेवा. उरलेल्या नऊ पावत्यांची बेरीज २४० रुपये, म्हणून मध्य येतो २६.६७. शंभरावरून तो धाडकन खाली आला! मध्यक मात्र २२.५० वरून २० वर आला, म्हणजे जेमतेम हलला. बहुलक जागचा हललाच नाही. कारण उघड आहे. मध्यात प्रत्येक रकमेचे वजन मोजले जाते, म्हणून एखादी अवाढव्य रक्कम साऱ्या पारड्याला आपल्याकडे ओढते. मध्यकाला केवळ रांगेतली जागा कळते. रांगेच्या टोकाचा ७६० रुपयांचा आहे की ७,६०० चा, हे त्याच्या गावीही नसते.

मग मध्य वाईट आणि मध्यक चांगला असे समजायचे का? तसेही नाही. उद्या गल्ल्यात एकूण किती पैसे येतील याचा अंदाज करायचा असेल, तर मध्यच कामाला येतो, कारण मध्याला पावत्यांच्या संख्येने गुणले की एकूण विक्री परत मिळते. मध्यकाला गुणून ती मिळत नाही. पण नेहमीचे गिऱ्हाईक कसे आहे हे जाणून त्याच्या सोयीचा माल ठेवायचा असेल, तर मध्यक आणि बहुलक अधिक खरे बोलतात. प्रश्न बदलला की आकडाही बदलला पाहिजे.

आकडे किती पसरले आहेत?

मधला आकडा कळला तरी एक गोष्ट राहतेच. बाकीचे आकडे त्याच्याभोवती गर्दी करून आहेत की दूरवर विखुरले आहेत? हे सांगण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे सर्वांत मोठ्या रकमेतून सर्वांत लहान रक्कम वजा करणे. याला विस्तार म्हणतात. आपला विस्तार ७६० − १० = ७५० रुपये. पण हा फक्त दोन टोकांवरून ठरतो. मधल्या आठ जणांना तो काहीच विचारत नाही.

दुसरी रीत प्रमाण विचलनाची. प्रत्येक रक्कम मध्यापासून किती दूर आहे ते काढायचे, त्या अंतरांचे वर्ग करायचे, वर्गांची सरासरी घ्यायची आणि शेवटी वर्गमूळ काढायचे. आपल्या दहा रकमांसाठी वर्गांची बेरीज ४,८५,८५० येते. दहाने भागून वर्गमूळ काढले की २२०.४२ मिळतात. मध्य १०० आणि विचलन २२० हे पाहूनच शहाण्या माणसाने सावध व्हावे. विक्री ऋण असू शकत नाही, तरीही पसरण मध्याच्या दुपटीहून जास्त! म्हणजे कोणीतरी फार दूर जाऊन बसले आहे.

येथे एक बारकावा सांगायला हवा. संगणकाकडून हे उत्तर काढल्यास कदाचित २३२.३४ असे येईल. घाबरू नका. आपल्याजवळची आकडेवारी ही मोठ्या समूहातला एक नमुना आहे असे धरले, तर वर्गांच्या बेरजेला दहाऐवजी नवाने भागतात. बहुतेक आज्ञावल्यांत या दोन्हींसाठी वेगवेगळी सूत्रे असतात. आपण कोणते वापरले हे आपल्याला ठाऊक असले म्हणजे झाले.

तिसरी रीत चतुर्थकांची. मध्यकाने रांगेचे दोन भाग केले, तसे चतुर्थक चार भाग करतात. खालच्या पाच रकमांचा मधला २०, हा पहिला चतुर्थक. वरच्या पाचांचा मधला ४०, हा तिसरा चतुर्थक. (दोन रकमांमधले अंतर विभागून चतुर्थक काढणाऱ्या आज्ञावल्या तिसऱ्यासाठी ३७.५० सांगतील. दोन्ही रीती मान्य आहेत.) म्हणजे गिऱ्हाइकांचा मधला निम्मा भाग २० ते ४० रुपयांत खरेदी करतो. भांडारासाठी याहून उपयोगी माहिती कोणती?

अमेरिकेतले संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी चतुर्थकांवरून एक सुटसुटीत चित्र काढले. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ते जगभर पोहोचले. पहिल्या चतुर्थकापासून तिसऱ्यापर्यंत एक पेटी काढायची. पेटीत मध्यकाची रेघ मारायची. पेटीच्या लांबीच्या दीडपटीहून अधिक दूर असलेले आकडे वेगळ्या ठिपक्यांनी दाखवायचे, आणि त्या मर्यादेच्या आतल्या शेवटच्या आकड्यांपर्यंत दोन्ही बाजूंना मिशा ओढायच्या. आपली पेटी २० ते ४० ची, लांबी २०, दीडपट ३०. म्हणून वरची मर्यादा ७०. मिशी ६० पर्यंत जाते आणि ७६० चा ठिपका एकटाच दूर लटकतो. चिटणीसाने हे चित्र काढले असते, तर कंपासपेट्यांची यादी लिहिली गेलीच नसती.

व्यापारातून जन्मलेले आलेख

आकड्यांची चित्रे काढण्याची ही हौस जुनी आहे आणि गंमत अशी की तिचा उगम व्यापाराच्या हिशेबातच आहे. विल्यम प्लेफेअर हा स्कॉटलंडचा गृहस्थ वाफेच्या एंजिनामुळे प्रसिद्ध झालेल्या जेम्स वॅटकडे आराखडे काढण्याचे काम करीत असे. १७८६ साली त्याने आयात-निर्यातीच्या आकड्यांचा एक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यातले बहुतेक आलेख वर्षानुवर्षांचा चढउतार दाखविणाऱ्या रेषांचे होते. स्कॉटलंडसाठी मात्र त्याच्यापाशी एकाच वर्षाचे आकडे होते. एका वर्षाची रेषा कशी काढणार? तेव्हा त्याने प्रत्येक देशाशी झालेल्या व्यापारासाठी आडव्या पट्ट्या काढल्या. आज आपण ज्याला स्तंभालेख म्हणतो, त्याचा हा आरंभ.

त्यानंतर पुष्कळ वर्षे आलेख बहुतेक हातानेच काढावे लागत. १९७९ साली 'व्हिजिकॅल्क' ही आज्ञावली आली आणि उभ्याआडव्या चौकटींचा हिशेबाचा कागद लहान संगणकाच्या पडद्यावर अवतरला. एक आकडा बदलला की सारी बेरीज आपोआप बदलू लागली. पुढे आकड्यांचे चित्र काढणे हेच मुख्य काम असणाऱ्या आज्ञावल्या निघाल्या. त्यांतली 'टॅब्लो' ही अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधनातून पुढे आली आणि २००३ साली तिची कंपनी स्थापन झाली. तिची 'टॅब्लो पब्लिक' ही आवृत्ती विनामूल्य मिळते. अशा आज्ञावलीत आकडेवारीच्या स्तंभांची नावे पडद्याच्या कडेला दिसतात. हवे ते नाव उचलून चित्राच्या जागी सोडले की आलेख तयार होतो.

९,९९४ ओळींचे दुकान

टॅब्लोसोबत सरावासाठी 'सुपरस्टोअर' नावाच्या एका काल्पनिक अमेरिकन दुकानाची विक्रीवही मिळत आली आहे. जगभरातले विद्यार्थी तिच्यावर हात बसवतात. तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. फार वापरल्या गेलेल्या एका आवृत्तीत २०१४ ते २०१७ या चार वर्षांच्या विक्रीच्या ९,९९४ ओळी आहेत. एक ओळ म्हणजे एका ऑर्डरीतली एक वस्तू. एकाने खुर्ची आणि कागद एकाच वेळी मागवले, तर ऑर्डर एक, पण ओळी दोन. दुकान खोटे असले तरी त्यातल्या आकड्यांची ठेवण खऱ्या दुकानासारखी आहे. म्हणून आपणही तीच वही उघडू.

चारही वर्षांची मिळून विक्री आहे २२,९७,२०१ डॉलर. आपण 'विक्री' हे नाव उचलून चित्रात टाकले, आणि शेजारी मालाचा 'प्रकार' टाकला. तीन स्तंभ उभे राहिले: फर्निचर ७,४२,००० डॉलर, कार्यालयीन साहित्य ७,१९,०४७ डॉलर आणि तंत्रसाहित्य ८,३६,१५४ डॉलर. लक्षात घ्या, आपण 'बेरीज कर' असे कोठेही सांगितले नव्हते. पण अशी आज्ञावली बहुधा गृहीतच धरते की, विक्री म्हटले की बेरीज हवी असणार.

आता 'सारांश दाखव' अशी सूचना देऊ. पडद्याच्या कडेला एक लहानसे कार्ड उघडते. त्यावर संख्या, बेरीज, सरासरी, किमान, कमाल आणि मध्यक दिसतात. हवे असल्यास प्रमाण विचलन आणि चतुर्थकही मागता येतात. सरासरीच्या ओळीत काय लिहिले आहे पाहा: ७,६५,७३४ डॉलर!

एका ओळीची, म्हणजे एका वस्तूच्या खरेदीची सरासरी साडेसात लाख डॉलर? हे तर अशक्य. मग संगणक चुकला का? नाही. कार्डावरची पहिली ओळ वाचा. तेथे 'संख्या ३' असे आहे. संगणकाने पडद्यावर दिसणाऱ्या तीन स्तंभांची सरासरी काढली: २२,९७,२०१ भागिले ३. त्याच्या दृष्टीने 'एक' म्हणजे एक स्तंभ. हे कार्ड वहीतल्या ओळी पाहत नाही. चित्रात जेवढ्या खुणा आहेत, तेवढ्याच पाहते. आता 'एकत्रित करू नकोस' अशी सूचना दिली की स्तंभांऐवजी ९,९९४ खुणा दिसतात, आणि त्याच कार्डावरची सरासरी २२९.८६ डॉलर होते.

याच वहीतून आणखीही सरासऱ्या निघतात. ऑर्डरी ५,००९ आहेत, म्हणून दर ऑर्डरीची सरासरी ४५८.६१ डॉलर. गिऱ्हाइके ७९३ आहेत, म्हणून दर गिऱ्हाइकाची चार वर्षांतली सरासरी २,८९६.८५ डॉलर. विक्रीचे विभाग चार आहेत, म्हणून दर विभागाची ५,७४,३०० डॉलर. वही एक, बेरीज एक, पण 'सरासरी विक्री' पाच निघाल्या! पाचही बरोबर आहेत. दुकानदाराच्या सभेत कोणी "आपली सरासरी विक्री इतकी" असे म्हणाला, तर त्याला विचारावयाचा पहिला प्रश्न म्हणूनच हा: "सरासरी? पण कशाची?"

पेटीबाहेर पडलेली सरासरी

आता ओळींचीच सरासरी घेऊन थोडे खोलात शिरू. मध्य २२९.८६ डॉलर. मध्यक किती असेल? अंदाज करा. तो आहे ५४.४९ डॉलर. पहिला चतुर्थक १७.२८ आणि तिसरा २०९.९४. काही लक्षात आले का? मध्य तिसऱ्या चतुर्थकाच्याही वर आहे! म्हणजे दर चार ओळींपैकी तीनहून अधिक ओळी सरासरीपेक्षा लहान आहेत. टुकींची पेटी काढली, तर सरासरी पेटीच्या आत नाहीच. ती बाहेर पडली आहे. प्रमाण विचलन ६२३.२५, म्हणजे मध्याच्या पावणेतीनपट. आपल्या भांडारातले चित्रच येथे मोठे होऊन आले आहे: लहान खरेद्यांची गर्दी आणि दूरवर काही अवाढव्य ठिपके.

त्या ठिपक्यांतला सर्वांत वरचा पाहू. कमाल विक्रीची ओळ आहे २२,६३८.४८ डॉलरची. दूरवरच्या माणसांशी पडद्यावरून बैठक घेण्याचे यंत्र, सहा नग. एवढ्या मोठ्या विक्रीवर दुकानदार खूश झाला असेल, असे वाटते ना? पण त्याच ओळीत पुढे पाहा. सूट ५० टक्के दिलेली आहे, आणि नफ्याच्या रकान्यात उणे १,८११.०८ डॉलर आहेत. वहीतल्या सर्वांत मोठ्या विक्रीत दुकानाला तोटा झाला! विक्रीच्या रकान्याची कमाल सांगणाऱ्या कार्डाला हे कसे कळावे? त्याला नफ्याचा रकाना कोणी विचारलाच नव्हता.

तीन स्तंभांची गोष्टही अशीच आहे. विक्रीत ते जवळजवळ सारख्या उंचीचे होते. पण नफा घेतला तर तंत्रसाहित्याने १,४५,४५५ डॉलर मिळवले, कार्यालयीन साहित्याने १,२२,४९१ आणि फर्निचरने फक्त १८,४५१. शंभर डॉलरचे फर्निचर विकून हाती अडीच डॉलरही पुरते राहत नाहीत. इतर दोन्हींत सतराच्या वर राहतात. केवळ विक्रीचा सारांश वाचून कोणी फर्निचरसाठी मोठे गोदाम बांधले असते, तर ती आपल्या कंपासपेट्यांचीच मोठी आवृत्ती ठरली असती.

सरासऱ्यांची सरासरी

आता एक असा सापळा पाहू, ज्यात मोठी माणसेही सापडतात. सुपरस्टोअरच्या तीन प्रकारांची दर ओळीची सरासरी वेगवेगळी आहे: फर्निचर ३४९.८३ डॉलर, कार्यालयीन साहित्य ११९.३२ आणि तंत्रसाहित्य ४५२.७१. आता साऱ्या दुकानाची दर ओळीची सरासरी किती? पुष्कळ जण या तिघांची बेरीज करून तीनने भागतील. उत्तर येईल ३०७.२९. पण खरी सरासरी तर २२९.८६ आहे, हे आपण आताच पाहिले. एवढा फरक का पडला?

कारण तिन्ही प्रकारांच्या ओळी सारख्या नाहीत. फर्निचरच्या २,१२१, तंत्रसाहित्याच्या १,८४७, पण कार्यालयीन साहित्याच्या तब्बल ६,०२६. तीनने भागताना आपण तिघांना सारखे वजन दिले. सहा हजार ओळींचा आवाज अठराशे ओळींइतकाच धरला. बरोबर रीत अशी: प्रत्येक सरासरीला तिच्या ओळींच्या संख्येने गुणायचे, बेरीज करायची आणि एकूण ओळींनी भागायचे. याला भारित सरासरी म्हणतात. टक्केवारीची सरासरी काढताना तर हे विशेष सांभाळावे. तुकड्यांच्या निकालांची टक्केवारी एकत्र करून शाळेचा निकाल काढताना हीच चूक होऊ शकते.

रिकामी चौकट आणि शून्य

शेवटचा बारकावा दिसायला अगदी क्षुल्लक आहे. समजा, भांडाराची आठवड्याची विक्री ६०० रुपये झाली आणि रविवारी भांडार बंद होते. चिटणीसाने रविवारची चौकट रिकामी ठेवली, तर संगणक रिकाम्या चौकटीला मोजत नाही. तो ६०० ला ६ ने भागतो. सरासरी १००. पण त्याने तेथे शून्य लिहिले, तर शून्य ही एक खरी संख्या आहे. संगणक ७ ने भागतो. सरासरी ८५.७१.

कोणती बरोबर? खिडकी उघडी असलेल्या दिवसाची सरासरी हवी असेल, तर पहिली. साऱ्या आठवड्यात दर दिवशी सरासरी किती येतात ते हवे असेल, तर दुसरी. पण सोमवारी खिडकी उघडी असून कोणीच आले नाही, तर तेथे शून्यच लिहिले पाहिजे. चौकट रिकामी ठेवणे म्हणजे तो वाईट दिवस झाकून ठेवणे होय. येथेही पुन्हा तोच प्रश्न आला: कशाची सरासरी?

तुम्ही करून पाहा

१. भांडारात सकाळच्या सत्रात ४ पावत्या फाटल्या, सरासरी ५० रुपये. दुपारच्या सत्रात १६ पावत्या, सरासरी २५ रुपये. दिवसभराची दर पावतीची सरासरी किती? (३७.५० असे उत्तर आले, तर 'सरासऱ्यांची सरासरी' हा भाग पुन्हा वाचा.)

२. ओळखीच्या दुकानदारांची परवानगी घेऊन एका दिवसाच्या तीस पावत्यांच्या फक्त रकमा लिहून आणा. गिऱ्हाइकांची नावे उतरवू नका. मध्य, मध्यक, बहुलक आणि चतुर्थक आधी हाताने काढा, मग शाळेच्या संगणकावर ताडून पाहा. मध्य आणि मध्यक यांत मोठे अंतर असेल, तर कोणत्या पावत्यांमुळे ते पडले ते शोधा.

३. त्याच तीस रकमांची पेटी आलेखकागदावर काढा, आणि मध्य तिच्या आत पडतो की बाहेर ते पाहा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: (४ × ५० + १६ × २५) ÷ २० = ६०० ÷ २० = ३० रुपये.

आणि आपला चिटणीस? बाईंशी बोलून त्याने यादी बदलली. वीस-पंचवीस रुपयांच्या वह्या आणि पेने त्याने जास्त मागवली, कारण मध्यक आणि बहुलक तेच सांगत होते. कंपासपेट्या पाचच ठेवल्या. ७६० रुपयांची पावतीही त्याने फेकून दिली नाही, कारण दिवसाच्या गल्ल्यातले तीन चतुर्थांश पैसे तिच्यातूनच आले होते. सर्व वर्गशिक्षकांना भेटून, वर्गासाठी एकदम माल हवा असेल तर आठवडाभर आधी कळवा, असे त्याने सांगितले. दोन प्रकारची गिऱ्हाइके एका सरासरीत कोंबण्याऐवजी त्याने दोघांची दोन वेगळी पाने केली. पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर मात्र त्याने ठळक अक्षरांत दोनच शब्द लिहून ठेवले आहेत: सरासरी कशाची?